जोडीदार लांडगा धीट की बुजरा? वुल्फक्वेस्टमध्ये स्वभाव पारखण्याची पद्धत

'वुल्फक्वेस्ट: ॲनिव्हर्सरी एडिशन' हा अमेरिकेतल्या येलोस्टोनमधला लांडगा होऊन जगायचा संगणकावरचा खेळ. तो खेळणाऱ्यांकडून एक चूक सतत होते. एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणांच्या, कळपात घुसून आपण एका मादीच्या मागच्या पायाला धरलेलं असतं, जोडीदार वीस पावलं मागे उभा असतो आणि तिथल्या तिथे निकाल लागतो: "हा भित्रा आहे." पुढची सगळी आखणी त्या एका शिक्क्यावर. शिकारीत त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही, अवघड जागी त्याला न्यायचं नाही. पुढे कधीतरी तोच लांडगा मढ्यावर आलेल्या ग्रिझली अस्वलासमोर ठाण मांडून उभा राहतो आणि खेळणारा चक्रावून जातो.

माझ्या पहिल्या तीन खेळांत मी नेमकं हेच केलं. शिकार ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे आणि मी सुरुवातच तिथून करत होतो. शिकारीत भूक, दमणूक, जखमा, जमिनीचा उतार, तुमची स्वतःची जागा आणि समोरच्या एल्कची मर्जी असं सगळं एकात एक मिसळलेलं असतं. त्यातून स्वभाव वेगळा काढायचा तर तो लांडगा शांतपणे बसलेला असताना कसा वागतो, हे आधी ठाऊक हवं. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. एखादा टप्पा वगळावा लागला तर वगळा, पण मागचा पुढे घेऊ नका.

## तयारी

### तीन पट्ट्या वेगळ्या ठेवा

खेळात लांडग्याचा स्वभाव तीन पट्ट्यांवर मोजला जातो: बोल्ड ते वेअरी, सोशल ते लोनर आणि एनर्जेटिक ते लेझी. आपल्या शब्दांत धीट ते बुजरा, मनमिळाऊ ते एकलकोंडा, उत्साही ते सुस्त. या तीन पट्ट्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. एखादा लांडगा धीट, एकलकोंडा आणि सुस्त असा तिन्ही असू शकतो.

निम्म्याहून जास्त गल्लत या तिघांची सरमिसळ केल्यानेच होते. जोडीदार लांब उभा दिसला की आपण "बुजरा" म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: तो लांब आहे, पण कशापासून? बुजरा लांडगा धोक्यापासून अंतर ठेवतो. एकलकोंडा तुमच्यापासून अंतर ठेवतो. सुस्त लांडगा कशापासूनच लांब जात नसतो. तो आपल्या जागी असतो आणि लांब तुम्ही गेलेले असता. पुढच्या सगळ्या टप्प्यांत हा प्रश्न हाताशी असू द्या.

दुसरी सरमिसळ उलट बाजूची. सगळ्यात आधी धावत सुटणारा लांडगा धीट वाटतो. पुष्कळदा तो नुसता उत्साही असतो. धाव घेऊन एल्कच्या जवळ पोहोचल्यावर तो दात लावतो की बाजूने पळत राहतो, हे बघितल्याशिवाय धिटाईच्या पट्टीवर काही लिहू नका.

### वहीत काय लिहायचं

कागदाची साधी वही घ्या. डोक्यात ठेवून हे जमत नाही, कारण डोक्यात राहतात ते फक्त नाट्यमय प्रसंग. दर नोंदीला पाच गोष्टी: काय चाललं होतं, मी कुठे होतो, तो कुठे होता, त्याने काय केलं आणि त्याच्या लगेच आधी मी काय केलं होतं. पाचवी गोष्ट लोक हमखास गाळतात आणि तीच सगळ्यात मोलाची. जोडीदाराच्या निम्म्या हालचाली तुमच्या हालचालींना दिलेलं उत्तर असतात.

लिहिताना क्रियापदं वापरा, विशेषणं नकोत. "घाबरला" असं लिहिलंत की निकाल आधीच लागला. "मी पाय धरला तेव्हा पंधरा पावलं मागे थांबला, एल्क वळल्यावर पुढे आला" असं लिहिलंत, तर महिन्याभराने वाचतानाही खरं काय घडलं ते कळतं. निष्कर्षासाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा आणि सातव्या टप्प्यापर्यंत ते कोरं राहू द्या.

### परिस्थिती सारखी करा

- नोंदी एकाच अवघडपणाच्या पातळीवर घ्या. ईझीमध्ये पाहिलेलं आणि ॲक्युरेटमध्ये पाहिलेलं एका पानावर आणू नका.
- निरीक्षणाआधी दोघांची पोटं भरलेली असावीत. मढ्यावर त्याला खाऊ द्या आणि तो आपणहून बाजूला होईपर्यंत थांबा.
- जखमी लांडग्याची नोंद घ्यायची नाही. घेतलीच तर शेजारी ठळक अक्षरात "जखमी" लिहा आणि मोजताना ती सोडून द्या.
- माहितीच्या पानावर स्वभावाबद्दल काही दिसत असलं, तरी स्वतःचा अंदाज लिहून झाल्यावरच ते उघडा. आधी वाचलं की डोळा तेवढंच शोधत बसतो.

इशारा: आयर्नवुल्फ या खेळप्रकारात खेळत असाल तर सहावा टप्पा मुद्दाम घडवून आणू नका. तिथे तुमचा लांडगा मेला की खेळ संपतो. परका कळप किंवा ग्रिझली आपणहून समोर आली तर तेवढंच बघा.

## टप्पा १: भेटीआधी लांबून बघणं

ॲमेथिस्ट माउंटन या खेळातल्या नकाशावर जोडीदार शोधताना गंधदृष्टी (वास डोळ्यांना दाखवणारी सोय) चालू करून माग काढला, लांडगा दिसला की बहुतेक जण थेट धावत जातात. तिथे एक संधी कायमची जाते. तुम्ही नसताना तो काय करतो, हे बघायची वेळ हीच. एकदा त्याला तुमची चाहूल लागली की पुढचं सगळं तुमच्यासह घडतं.

टेकाडावर किंवा झाडाआड थांबा. दोन-तीन मिनिटं पुरतात. तो सरळ एका दिशेने चालतोय की थांबत, वास घेत? मोकळ्या कुरणातून जातो की झाडीच्या कडेने? वाटेत मढं लागलं तर लगेच तोंड घालतो की आधी फेरी मारतो?

इथून फार काही सिद्ध होत नाही. या नोंदी पुढच्या नोंदींना आधार म्हणून लागतात.

तपासा: तो खरंच एकटा भटका लांडगा आहे ना? कळपातला एखादा मागे राहिलेला परका असेल तर बाकीचे जवळपास असतील आणि त्याचं वागणं त्यांच्या जोरावर चाललेलं असेल. मागावर आणखी पावलं आहेत का, ते आधी बघा.

## टप्पा २: ओळख होताना

आता जवळ जा, पण चालत. इमोट, म्हणजे लांडग्याचे हावभाव करवणारी बटणं, एकामागून एक दाबत सुटू नका. एक इमोट द्या, त्याचं उत्तर पूर्ण होऊ द्या, मग दुसरा. भराभर दाबले की कोणत्या इमोटला कोणतं उत्तर मिळालं ते कळतच नाही. नातं जुळेलही, पण वहीत काही उरणार नाही.

या टप्प्यात मनमिळाऊपणाची पट्टी दिसायला लागते. अंतर कोण कमी करतंय ते मोजा. दहा वेळा जवळीक झाली, त्यातल्या किती वेळा तो आला आणि किती वेळा तुम्ही गेलात? मी नुसत्या दोन प्रकारच्या रेघा मारत जातो, आडव्या त्याच्या, उभ्या माझ्या. शेवटी आडव्या जास्त निघाल्या तर सोशलच्या बाजूने एक नोंद.

शेपटी आणि कानांवर इथे फार विसंबू नका. खऱ्या लांडग्यांतही उंच शेपटी, मागे पडलेले कान, पुढचे पाय पसरून केलेलं खेळाचं आमंत्रण, या गोष्टी त्या क्षणाची मनःस्थिती सांगतात. शेपटी खाली घेणारा लांडगा तुमचा मान राखत असेल, एवढंच. त्यावरून तो जन्माचा बुजरा ठरत नाही.

आणखी एक. पहिला नकार म्हणजे वाईट स्वभाव, असं समजून लोक चांगले जोडीदार सोडून देतात. तुम्ही पहिल्या भेटीतच गुरगुरलात, दादागिरी दाखवलीत आणि तो निघून गेला, तर ती नोंद तुमच्याबद्दलची आहे.

## टप्पा ३: विसाव्याच्या वेळी

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त शिकवणारा टप्पा. जोडी जमली, दोघांनी पोटभर खाल्लं, आसपास धोका नाही. आता काहीही करू नका. बसा किंवा आडवे व्हा आणि कॅमेरा फिरवून फक्त त्याच्याकडे बघा. इमोट नाही, हाऊल (हाकेची आरोळी) नाही. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवतात आणि त्या वेळात जे होईल ते सगळं, कंटाळवाणं असलं तरी, लिहितात. तसंच. दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका करा, वेगवेगळ्या दिवशी.

माझ्या आताच्या खेळातली एक बैठक सांगतो. जोडीदार करड्या रंगाची लांडगीण, तिला मी भुरी म्हणतो. एल्कचं मढं उतारावर पडलेलं, वर डोमकावळे जमलेले. मी खडकाशेजारी आडवा झालो. भुरी खाऊन झाल्यावर माझ्याकडे आली नाही. मढ्यापलीकडे गेली, तिथे बसली, थोड्या वेळाने उठून कावळ्यांवर धावली, परत येऊन आधीच्याच जागी बसली. दहा मिनिटांत चार वेळा उठली आणि चारही वेळा माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर परत बसली. एकदाही जवळ आली नाही, एकदाही दूर निघून गेली नाही. तोवर माझ्या मनात ती "बुजरी" होती, कारण आदल्या शिकारीत मागे राहिली होती. या दहा मिनिटांनी तिन्ही पट्ट्या सुट्या केल्या. चार वेळा उठणारी सुस्त नव्हे. कावळ्यांवर धावली, यावरून धिटाईचं काहीच ठरत नाही, कारण कावळा हा धोका नाही. आणि ते अंतर माझ्यापासूनचं होतं. लोनरच्या बाजूची ती पहिली ठोस नोंद.

उत्साही–सुस्त ही पट्टी याच टप्प्यात उरकून घ्या. विसाव्यात किती वेळा उठतो, उठल्यावर किती वेळ हिंडतो, हे मोजायला सोपं असतं आणि त्यात भीतीचा किंवा भुकेचा भाग जवळपास नसतो. पुढच्या टप्प्यांमध्ये ही पट्टी मोजायला गेलात तर ती हमखास धिटाईत मिसळेल.

इशारा: तुम्ही हललात की बैठक संपली. पाणी प्यायला उठलात आणि तो मागून आला, तर ती पुढच्या टप्प्याची नोंद.

## टप्पा ४: वाटेवर चालताना

आता निघा. हाऊल न देता, एका चालीने, मोकळ्या जमिनीवरून. तो किती अंतरावरून येतो ते बघा. मग थांबा. तो येऊन भेटतो की त्याच अंतरावर थांबतो? मग वाट एकदम बदला. लगेच वळतो की उशिराने?

हाऊल देऊन बोलावलं की कोणताही लांडगा आज्ञाधारक दिसतो, म्हणून पहिल्या तीन फेऱ्यांत हाऊल नको. चौथ्या फेरीत द्या आणि आधी-नंतरच्या अंतरातला फरक लिहा. फरक मोठा असेल तर आपणहून लांब राहणारा पण हाकेला धावणारा असा जोडीदार तुमच्याकडे आहे. असा जोडीदार लोनर असला तरी जड जात नाही, फक्त बोलवायची सवय तुम्हाला लावावी लागते.

उतार, नदी आणि दाट झाडी यांत लांडगे वाट शोधताना अडतात, वळसा घेतात. तो खेळाच्या यंत्रणेचा भाग आहे, स्वभावाचा नाही. नदी ओलांडताना मागे राहिला म्हणून "पाण्याला घाबरतो" असं लिहू नका.

## टप्पा ५: शिकार

इथवर आलात तर तुमच्याकडे दोन पट्ट्यांचा बरा अंदाज आहे. आता तिसरी, धीट–बुजरा. ती फक्त धोक्याच्या समोर दिसते. खऱ्या येलोस्टोनमधला प्रौढ एल्क नर तीनशे किलोंच्या आसपास असतो आणि लांडगा पन्नासच्या आत-बाहेर. एका लाथेत बरगडी मोडते. मागे थांबणं हा तिथे शहाणपणाही असतो, आणि म्हणूनच एका शिकारीवरून धिटाई ठरवता येत नाही.

५.१ सावज सारखं ठेवा. पहिल्या तीन नोंदी एल्कच्या मादीवरच्या असू द्या. मादी, नर, मूस (एल्कहूनही मोठं हरण) आणि ससा यांच्या नोंदी एकत्र करणं ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक. सशामागे प्रत्येक लांडगा शूर असतो.

५.२ तुमची जागा सारखी ठेवा. तुम्ही मागच्या पायाला लटकलेले असताना आणि तुम्ही समोरून तोंड देत असताना जोडीदाराला मिळणारी जागा वेगवेगळी असते. तीनही वेळा तुम्ही मागूनच जा.

५.३ तीन क्षण लिहा, बाकी सोडा. पहिला, कळप पळायला लागतो तेव्हा तो निघतो का. दुसरा, एल्क थांबून तोंड वळवतो तेव्हा त्याचं पाऊल पुढे पडतं की मागे. तिसरा, एकदा लाथ बसल्यावर तो परत येतो का आणि किती वेळाने. पहिला क्षण उत्साहाचा आहे. धिटाई दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षणात असते. पळणाऱ्या एल्कमागे धावायला हिंमत लागत नाही. उभ्या राहिलेल्या एल्ककडे चालत जायला लागते.

५.४ स्वतः थोडं मागे राहून एक शिकार बघा. कळप पळवा आणि मग जरा थांबा. जोडीदार एकटा पुढे जातो का? तुमच्याविना पुढे जाणारा लांडगा धीट मानायला हरकत नाही. तुम्ही गेल्यावरच जाणारा बुजरा असेल किंवा नुसता सोबतीने काम करणारा असेल. इथे दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याची पानं उघडा. सोशलच्या नोंदी भरपूर असतील तर त्याचं थांबणं सोबतीसाठी आहे.

हेच कळप मोठा झाला की आणखी फसवं होतं. येलोस्टोनमधल्या एल्कच्या शिकारींच्या अभ्यासात दिसलं आहे की सुमारे ४ लांडग्यांपर्यंत शिकार यशस्वी व्हायची शक्यता वाढते, त्यापुढे ती फारशी वाढत नाही, कारण जास्तीचे लांडगे अंग राखून राहतात. तेव्हा मोठी झालेली पिल्लंही सोबत धावायला लागली आणि जोडीदार मागे दिसू लागला, तर आधीचा "बोल्ड" खोडू नका. धिटाईच्या नोंदी दोघंच असताना घेतलेल्या हव्यात.

५.५ फसलेली शिकारही नोंदच आहे. खऱ्या लांडग्यांच्या एल्कवरच्या बहुतेक धावा वाया जातात. यश मिळालं का, हा रकाना वहीत ठेवूच नका. एल्क पडला की जोडीदार शूर वाटतो, निसटला की कुचकामी. दोन्ही वेळा त्याने नेमकं तेच केलेलं असू शकतं.

भुरीच्या तीन शिकारींच्या माझ्या नोंदी अशा आहेत. पहिली: कळपाबरोबर लगेच निघाली, एल्क वळल्यावर बाजूला सरली पण मागे हटली नाही, लाथ बसली नाही. दुसरी: लगेच निघाली, एल्क वळल्यावर विरुद्ध बाजूने गेली आणि मांडी धरली. तिसरी: लगेच निघाली, लाथ बसली, जरा बाजूला राहिली, मग दुसऱ्या बाजूने परत आली. ज्या शिकारीवरून मी तिला बुजरी ठरवलं होतं, तिची नोंद काढून पाहिली तर शेजारी मीच लिहिलं होतं: "आदल्या दिवशीची जखम अजून आहे."

तपासा: तीन नोंदींपैकी एकात जरी तो जखमी, भुकेला किंवा नदीपलीकडे अडकलेला होता, तर ती काढा आणि चौथी घ्या. दोन नोंदींवर निकाल देऊ नका.

## टप्पा ६: परके लांडगे आणि मढ्यावरचं अस्वल

हा टप्पा धिटाईची खात्री करण्यासाठी आहे, शोधण्यासाठी नाही. पाचव्यातलं उत्तर स्पष्ट असेल तर वगळला तरी चालेल.

कायोटी (लांडग्याच्या जातकुळीतले, त्याहून लहान प्राणी) मोजू नका. जवळपास सगळे लांडगे त्यांना हुसकावतात. ग्रिझली आणि परका कळप मोजा. मढ्यावर ग्रिझली आली की तुम्ही आधी मागे सरका आणि बघा. जोडीदार तुमच्याबरोबर सरकतो की तिथेच राहतो? तो राहिला आणि तुम्ही त्याला सोडून निघालात, तर थोड्या वेळाने मागे येतो का? धीट आणि एकलकोंडा अशी जोड असेल तर हा क्षण जिवावर बेततो. आधीच्या एका खेळातला माझा काळा नर असाच गेला. मी सरकलो, तो सरकला नाही, मी वेळेत हाऊल दिलं नाही. त्याच्या धिटाईबद्दल मला शंका उरली नव्हती, पण ते कळायची ती रीत नव्हती. म्हणून आता या टप्प्यावर बघत असतानाही बोट हाऊलच्या बटणावरच असतं. मढं गेलं तर गेलं.

## टप्पा ७: निवाडा

आता शेवटचं पान उघडा. प्रत्येक पट्टीसाठी किमान पाच नोंदी हव्यात. पाचातल्या चार एका बाजूला असतील तर तो कल पक्का धरा. तीन-दोन असतील तर "मध्ये" लिहा. मध्ये असणं हेही उत्तर आहे. लोकांना ते पचत नाही आणि ते जबरदस्तीने एका टोकाला ढकलतात. पाच नोंदी झाल्याच नसतील तर पट्टी रिकामी ठेवा.

पाचवी, विरोधी नोंद खोडू नका. तिच्याशेजारी परिस्थिती लिहा. बऱ्याचदा तीच पुढे उपयोगी पडते: "धीट आहे, पण नर एल्कसमोर नाही."

मग स्वतःच्या खेळण्याशी ताडून बघा. धीट म्हणजे उत्तम जोडीदार ही समजूत बरोबर नाही. स्वतः घुसून शिकार करणाऱ्याला धीट जोडीदार मिळाला की दोघंही एकाच वेळी जखमी होतात आणि गुहेजवळ धडधाकट कुणी उरत नाही. तुम्ही आक्रमक असाल तर थोडा बुजरा, मनमिळाऊ जोडीदार बरा. तुम्ही सांभाळून खेळत असाल तर धीट हवा, पण हाकेला येणारा. सुस्तपणाबद्दल मला विशेष तक्रार नाही; लांबच्या शिकारीला तो जाणवतो, एरवी नाही.

## टप्पा ८: पिल्लांचा स्वभाव

पिल्लांच्या बाबतीत घाई सर्वांत जास्त होते, कारण त्यांची नावं ठेवायची असतात आणि नावाबरोबर स्वभावही चिकटवला जातो. खऱ्या लांडग्यांच्या पिल्लांचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात आणि ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला गुहेबाहेर येतात. खेळातही पिल्लं बाहेर येऊन हिंडायला लागेपर्यंत वहीला हात लावू नका.

क्रम तोच, फक्त छोटा. आधी खाऊ घाला, सगळ्यांना. भुकेलं पिल्लू तोंडाशी झोंबतं आणि ते पाहून आपण त्याला उत्साही म्हणतो. पोट भरल्यावर तेच कोपऱ्यात पडून राहतं. खाऊन झाल्यावर लांब बसा आणि एका वेळी एकाच पिल्लाकडे बघा. चारही एकदम बघायला गेलात तर सर्वांत जास्त धडपडणाऱ्याच्याच नोंदी होतील आणि शांत पिल्लाचं पान कोरं राहील. मग ते शांत पिल्लू तुमच्या लेखी आपोआप "लेझी" होतं.

तीन गोष्टी लिहा. गुहेपासून किती लांब जातं आणि तिथे एकटं जातं का, ही धिटाई. भावंडांपैकी एक दूर गेलं तर मागे जातं की जागीच खेळत राहतं, हा मनमिळाऊपणा. खेळ थांबल्यावर पुन्हा कोण सुरू करतं, हा उत्साह. एकदम मलूल झालेल्या पिल्लाच्या नोंदी थांबवा. ते आजारी असू शकतं, आणि तेव्हा वहीपेक्षा त्याच्याकडे लक्ष द्या.

एक परीक्षा मुद्दाम घ्यायची नाही: गरुड किंवा कायोटी दिसल्यावर कोणतं पिल्लू धीट आहे ते बघत बसणं. धोका दिसला की सगळ्यांना गुहेत घाला. कोण शेवटी आत गेलं तेवढं मात्र लक्षात ठेवा. दर वेळी तेच शेवटी जात असेल, तर त्याच्या पानावर ती एक नोंद पुरेशी आहे आणि पुढच्या वेळी तोंडात धरून आधी त्यालाच आत न्यायचं, हेही ठरलं.